किमान दहा जण

२ फेब्रुवारी

नियम क्रमांक अकरा : प्रशिक्षकाने दररोज नोंद ठेवावी. त्यासाठी प्रौढ शिक्षण कार्यालयाने वही दिली आहे. एका दिवसाला चार ओळी, त्यातली चौथी सहीची. तीन ओळींत माझं भागणार नाही, म्हणून ही दुसरी वही. ही कुणी तपासणार नाही.

वर्गाची कल्पना माझी नाही. अर्ज लेकीने भरला. मी फक्त सही केली, तीही अर्जातल्या सात चुका दुरुस्त केल्यावर. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, चूक दिसली की हात आपोआप पेनाकडे जातो. लेक म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसता." हे खरं नाही. मी खिडकीकडे बघतो.

ही गेली त्याला चौदा महिने झाले.

जागा मिळाली आहे ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानामागची खोली. इस्त्रीवाल्या बाईंनी स्वतःहून देऊ केली. अट एकच, त्यांनाही वर्गात घ्यायचं. नियम तीनप्रमाणे पटावर किमान दहा जण लागतात. माझ्याकडे आत्ता त्या एकट्या. दहा काही जमायचे नाहीत आणि प्रकरण आपोआप मिटेल, असा माझा अंदाज आहे. जेवलो नाही. भूक नव्हती.

५ फेब्रुवारी

अंदाज चुकला. अकरा जमले. लेक चार दिवस कुठे कुठे फिरत होती कोण जाणे.

आज कार्यालयाच्या तपासनीस बाई खोली बघून गेल्या. लेकीच्याच वयाच्या असतील, पण टेप लावून भिंती मोजताना चेहऱ्यावरची माशी हलू देत नाहीत. माणशी जागा पुरेशी, खिडक्या दोन, वाळूची बादली आहे. दार मात्र नापास. वर्गाचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, आपलं आत उघडतं.

मी म्हटलं, "अहो, सत्तर वर्षं ते आत उघडतंय."

"काका, नियम मी केलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "आग लागली तर माणसं दाराला चिकटतात. मग ते आत ओढता येत नाही."

मी आनंदाने घरी निघालो होतो, तेवढ्यात पटावरचे एक सुतार पुढे आले. बोलणं कमी, कानामागे पेन्सिल. बिजागऱ्या काढल्या, चौकट तासली, तासाभरात दार उलटं बसवलं. तपासनीस बाईंनी तीनदा उघडून पाहिलं आणि शिक्का मारला.

मला घरी जाता जाता दाराचा कोपरा कपाळावर लागला. सवय व्हायची आहे.

९ फेब्रुवारी

पहिला वर्ग. संध्याकाळी सहा ते आठ.

मी 'अ'पासून सुरुवात केली. पाठ करून गेलो होतो. पाच मिनिटांत पुढच्या बाकावरून हात वर आला. या आजी. वय बहात्तर, एकट्या राहतात, दात चार पण आवाज खणखणीत.

"मास्तर, हे 'अ' कधी संपायचं?"

"क्रमाने जाऊ, आजी."

"क्रमानं जायला मी काही वीस वर्षांची नाही. माझ्याकडे दोन बाटल्या आहेत. एक सकाळची, एक संध्याकाळची. दोन्ही तपकिरी. परवा उलटसुलट प्याले आणि दिवसभर झोपले. मला आधी तेवढं वाचायला शिकवा, मग तुमचा 'अ' घ्या."

सगळे हसले. मी म्हटलं, वर्गात शिस्त हवी. मग फळ्यावर 'सकाळ' लिहिलं.

१० फेब्रुवारी

आज वाईट शिकवलं. चूक शोधणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात बसचा एक सफाई कामगार आहे, त्याची वही तपासताना मी तिच्यावर इतक्या लाल खुणा केल्या की त्याने वही मिटून पिशवीत टाकली. उद्या येईल असं वाटत नाही.

११ फेब्रुवारी

आला. मी लाल पेन घरी ठेवून गेलो होतो.

१८ फेब्रुवारी

सुतारांनी डबा आणला. "घरी जास्तीचं झालं होतं." काल इस्त्रीवाल्या बाईंच्याही घरी जास्तीचं झालं होतं आणि परवा आजींच्या. एकट्या बाईच्या घरी जास्तीचं होतंच कसं? या लोकांना स्वयंपाकाचा अंदाज नाही. श्रुतलेखन सोपं घालावं म्हणून हे चाललं असावं. मी तसं स्पष्ट सांगितलं की असल्या गोष्टींनी मी बधणार नाही. "बरं मास्तर," म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. डबा धुऊन परत द्यायचा आहे, म्हणून संपवला.

१ मार्च

आज वर्गानंतर आयाबाई थांबल्या. रुग्णालयात बारा वर्षं फरशी पुसतात. कपाळावर घाम आणि अंगाला सदैव फिनेलचा वास. बाहेरच्या वाचनाचं त्यांना इतकं वेड की खाटांवरच्या पाट्या वाचत वाचत पुसतात. परिचारिका रागावतात, फरशी ओली राहते.

वॉर्डातल्या मदतनिसाची जागा निघाली आहे. रोग्याला औषध देणं, तक्त्यावर ताप लिहिणं. त्यासाठी पातळी दोनचं प्रमाणपत्र हवं. अर्ज तीस एप्रिलपर्यंत.

"होईल का हो मास्तर, तोपर्यंत?"

"होईल," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी हल्ली काही बोललो नव्हतो. घरी येताना जरा काळजी वाटली. उद्यापासून त्यांना अर्धा तास लवकर बोलावलं आहे.

१४ मार्च

ऱ्हस्व-दीर्घ. माझा आवडता विषय. फळ्यावर 'दिन' आणि 'दीन' लिहिलं. पहिल्याचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब.

आजी डोळे बारीक करून बघत राहिल्या. "म्हणजे एवढीशी वेलांटी इकडची तिकडे झाली की माणूस गरीब होतो?"

"होय."

"मग ती नीटच लिहायला पाहिजे बाई." आणि त्यांनी दोन्ही शब्द दहा दहा वेळा लिहिले, एकही चूक न करता.

पुढे कसं कुणास ठाऊक, विषय भलतीकडे गेला. इस्त्रीवाल्या बाईंनी विचारलं, "मास्तर, वहिनींना तुम्ही चिठ्ठ्या लिहायचात का?" मी म्हटलं, उलट होतं. ती लिहायची. दुपारच्या डब्यात रोज एक चिठ्ठी आणि त्यात मुद्दाम एक चूक. मी ती शोधायची, पेनाने गोल करायचा, आणि संध्याकाळी चिठ्ठी परत न्यायची. नाही सापडली तर रात्रीची भांडी माझ्याकडे. एकदा आठवडाभर चूक सापडेना. शेवटी कळलं की तिने आठवडाभर चूक केलीच नव्हती. आठवडाभर भांडी घासली मी.

सुतार हसता हसता खोकायला लागले. आयाबाईंनी डोळे पुसले. बहुतेक खडूची धूळ.

सरकारी वहीत लिहिलं : 'ऱ्हस्व-दीर्घ. विषयांतरामुळे वीस मिनिटे वाया.'

२ एप्रिल

परीक्षा अकराला. तपासनीस बाईंनी नियमांची पुस्तिका पाठवली. वाचनाचा सराव म्हणून मी वर्गात एकेकाला नियम वाचायला लावले. सतरावा सुतारांच्या वाट्याला आला. त्यांनी अडखळत का होईना, पूर्ण वाचला :

"पातळी दोन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करावे. पट दहाच्या खाली गेल्यास वर्ग बंद झाल्याचे समजावे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. 'पटावरून कमी' हे त्यांना समजलं नसावं, म्हणून मी अर्थ सांगितला.

"म्हणजे आम्ही पास झालो की तुम्ही घरी?" आजींनी विचारलं.

"हो. तसंच."

"घरी काय करणार?"

"काय करायचं? बसायचं."

मग मी जोडाक्षरांकडे वळलो, पण आज कुणाचं लक्ष नव्हतं. परीक्षेची धास्ती घेतलेली दिसते.

११ एप्रिल

परीक्षा झाली. तपासनीस बाई स्वतः बसल्या होत्या, मला बाहेर दुकानात थांबायला सांगितलं. तासभर इस्त्रीचे कपडे मोजत होतो. पेपर नंतर पाहिला. अगदी सोपा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून उत्तर द्यायचं, एक अर्ज भरायचा, आपल्या कामाबद्दल पाच ओळी. आयाबाई तर हे झोपेत करतील.

बाहेर पडताना कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, "कसा गेला?" सुतार म्हणाले, "बघू."

१६ एप्रिल

अकराच्या अकरा नापास.

१७ एप्रिल

गेलो नाही. दुकानाच्या फळीवर 'आज वर्ग नाही' अशी चिठ्ठी लावून यायला लेकीला सांगितलं.

कार्यालयाला पत्र लिहिलं. 'अध्यापनाची पात्रता माझ्यात नाही हे सिद्ध झाले असल्याने मला मोकळे करावे.' दोनदा तपासलं. चूक नाही. सत्तर दिवसांत एकाही माणसाला मी चार ओळी वाचायला शिकवू शकलो नाही. आयाबाईंना "होईल" म्हणालो होतो.

लेक परत आली तेव्हा तिला पत्र दाखवलं. ती वाचता वाचता हसायला लागली आणि मग तिचे डोळे भरून आले. असं काय विचित्र! म्हणाली, "बाबा, पत्र टाकायच्या आधी त्यांचे पेपर एकदा बघाल का?"

"कशाला? निकाल लागला."

"तुम्ही अडतीस वर्षं न बघता कशावर सही केलीत का?"

हे मात्र खरं आहे.

१९ एप्रिल

कार्यालयात गेलो. तपासनीस बाईंनी अकरा पेपर माझ्यासमोर ठेवले आणि स्वतः चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेल्या.

मी पेपर टेबलावर पसरले, प्रुफं पसरतो तसे. पाचव्या मिनिटाला मी पुन्हा पहिल्या पेपरपासून सुरुवात केली.

औषधाचा प्रश्न : गोळी दिवसातून किती वेळा घ्यावी? चिठ्ठीवर लिहिलंय, दोन वेळा. अकरा जणांनी लिहिलं, सात. अकरांनी! आजींनीसुद्धा, ज्या गेले दोन महिने मला दोन्ही बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचून दाखवतात. सुतारांनी 'घर' हे 'रघ' लिहिलं आहे. ज्याला येत नाही तो 'घर' असं उलटं लिहीत नाही. तो 'गर' लिहील, 'धर' लिहील. त्यांनीच खाली पाच ओळींत एक शब्द खोडला होता. कागद खिडकीसमोर धरला. खोडलेलं वाचायची मला सवय आहे. आत स्पष्ट 'बिजागरी' होतं. वेलांट्या दोन्ही जागच्या जागी. आयाबाईंनी अर्जात स्वतःचं नाव चुकवलंय. स्वतःचं नाव!

तपासनीस बाई चहा घेऊन आल्या. "चुकलं ते चुकलं, काका. मला गुण कापावे लागले. पण नियम एकोणीस आहे. पंधरा दिवसांत एकदा फेरपरीक्षा देता येते. कुणी मागितली तर."

२० एप्रिल

बोललो. आयुष्यात इतकं कधी बोललो नव्हतो.

अकराही जण आले होते. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं की मला फसवायला निघाला असाल तर निदान नीट फसवा. "खरी चूक ज्याची त्याची असते. अकरा जणांची एक चूक कधी होत नाही. आणि जो खरंच चुकतो तो बरोबरच्या जवळ चुकतो. वेलांटी चुकेल, उकार चुकेल. सोपं चुकवून अवघड बरोबर लिहिणार नाही. कळलं?"

"जरा परत सांगा मास्तर," आजी म्हणाल्या. "वेलांटी चुकेल, आणि?"

"आणि उकार! ते जाऊ द्या!" मी आयाबाईंकडे वळलो. "तुमचा अर्ज तीस तारखेला आहे. बारा वर्षं फरशी पुसलीत. मिळतेय ती जागा पाण्यात घालायला निघालात?"

"पुढच्या वर्षी पण निघतील जागा," त्या खाली बघत म्हणाल्या.

"पण का? संध्याकाळी बसायला जागा हवी म्हणून? ते मी समजू शकतो, पण—"

"आम्हाला जागा आहे हो मास्तर," इस्त्रीवाल्या बाई मध्येच म्हणाल्या. "घरी ढीगभर कामं पडलीत. आम्हाला कसली जागा हवीय?"

"मग?"

सुतार दाराच्या बिजागरीकडे बघत राहिले. आजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. बसच्या सफाई कामगाराने नाक ओढलं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं तर आता सगळे माझ्याकडे बघत होते. नापास झालेली माणसं बघतात तसं नव्हतं ते. आजारी माणसाच्या खाटेभोवती घरचे उभे असतात ना, तसं काहीतरी.

मी फळ्याकडे तोंड करून म्हणालो, "फेरपरीक्षा सव्वीसला. सगळ्यांनी द्यायची. खरी."

"आणि तुम्ही?" आयाबाई.

"माझं मी बघेन."



२२ एप्रिल

उजळणी. आजी नियमांची पुस्तिका घरी घेऊन गेल्या. वाचनाचा सराव करायचाय म्हणे. या वयात ही जिद्द!

कार्यालयाला लिहिलेलं पत्र फाडलं.

२६ एप्रिल

फेरपरीक्षा. या वेळी मी दुकानात कपडे मोजले नाहीत. इस्त्रीवाल्या बाईंच्या ग्राहकांना कपडे देत होतो. दोघांना एकमेकांचे गेले.

२८ एप्रिल

दहा पास. आयाबाईंना शंभरात एक्क्याण्णव. प्रमाणपत्र हातात घेऊन त्या इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि सबंध वाचून काढलं, अगदी खालचा छापखान्याचा पत्ता आणि क्रमांकसुद्धा. मग माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "चूक आहे का बघा." मी बघितलं. दोनदा. नव्हती. सुतार त्यांना सायकलवर बसवून तसेच रुग्णालयात अर्ज द्यायला घेऊन गेले.

आजी मात्र दोन गुणांनी राहिल्या. मला फार वाईट वाटलं. पेपर मुद्दाम मागून घेतला आणि बारकाईने पाहिला. या वेळच्या चुका अगदी खऱ्या आहेत. तीन वेलांट्या, दोन उकार. 'दिन'च्या जागी 'दीन'. ऱ्हस्व-दीर्घ त्यांना कधी पक्कं झालंच नाही असं दिसतं. मी कमी पडलो. आजींनी मात्र छान सोसलं. "होतं असं मास्तर," म्हणाल्या आणि मलाच धीर दिला.

पट एकचा. वर्ग बंद.

३० एप्रिल

खोली आवरली. फळा सुतारांनी उतरवला. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, दार आता असंच राहू दे, कपड्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडायला बरं पडतं.

सगळे गेल्यावर मी थोडा वेळ बाकावर बसलो. नंतर घरी आलो आणि सहा वाजता कपडे घालून दारापर्यंत गेलो. मग आठवलं.

३ मे

तपासनीस बाई घरी आल्या. सोबत आजी. मला वाटलं तक्रार आहे.

"काका, नियम बावीस," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं. "बंद झालेल्या वर्गाच्या पटावर एक जरी विद्यार्थी शिल्लक असेल, तर त्याची सोय नवीन केंद्रात, त्याच प्रशिक्षकाकडे करायची. कापडगिरणीच्या मागे एक खोली रिकामी आहे. तिथे शिकवायला कुणी तयार होत नाही. तुम्हाला जावं लागेल. नियमच आहे."

"अहो पण एका माणसासाठी?"

"माझं शिक्षण अर्धवट ठेवणार का?" आजी कडाडल्या.

बोलायची सोयच नाही. बाविसावा नियम मी वाचला होता, पण ध्यानात राहिला नव्हता. आजींनी पुस्तिका परत दिली. नेमकं त्याच पानाचा कोपरा दुमडलेला. पुस्तकाचं पान दुमडलेलं मला अजिबात खपत नाही. आजींना तसं सांगितलं. "चुकलं मास्तर," म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आजींना एकदा जेवायला बोलवू या." का ते समजलं नाही, पण बोलवायला हरकत नाही.

१० मे

गिरणीमागची खोली. दार बाहेर उघडतं. खिडकी एकच, पण मोठी. भिंतीला ओल. सुतारांनी सकाळी येऊन बाकांचे पाय सारखे केले. आयाबाईंची आज पहिली पाळी होती. जाता जाता डोकावून गेल्या, खिशाला पेन लावलेलं.

वस्तीतल्या लोकांना मी काल आणि परवा घरोघर जाऊन सांगितलं होतं. अनोळखी दारं वाजवायची मला भीती वाटते. एकवीस वाजवली. सहा वाजता खोलीत आजी आणि मी. सव्वासहा. साडेसहा. आजींनी पिशवीतून विणकाम काढलं.

पावणेसातला दारात एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. हाताला वंगण. आत येईना, परत जाईना. चप्पल अर्धी काढलेली.

"इथे शिकवतात ना?" त्याने विचारलं. मग घाईघाईने, "मला काहीच येत नाही. अगदी काहीच. आधीच सांगतो."

मी खुर्ची पुढे ओढली. "बसा. मलाही इथे कुणी ओळखत नाही."

"मी ओळखते," आजी विणकामातून मान वर न करता म्हणाल्या. "तापट आहेत. पण सोडत नाहीत."

तो हसला. चप्पल काढून आत आला. रजिस्टर उघडून मी दोन नंबरच्या ओळीत त्याचं नाव लिहिलं आणि ते कसं दिसतं ते त्याला दाखवलं. त्याने बोट न लावता, वरून, अक्षरांवरून बोट फिरवलं.

अजून आठ हवेत.